वीस मिलिग्रॅमचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ उभं राहा. नांदेडहून, अकोल्याहून आलेले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले नातेवाईकही आता विचारतात, "आमच्या पेशंटला इम्युनो चालेल का?" ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी उपचारपद्धती, ज्यांच्या हातून रुजली, त्यांतल्या एका डॉक्टरांविषयी आज बोलायचं आहे.

स्टीव्हन रोझेनबर्ग हे अमेरिकेतले सर्जन. 1968 साली बोस्टनमध्ये माजी सैनिकांच्या इस्पितळात ते शिकाऊ डॉक्टर होते. पित्ताशयाचं दुखणं घेऊन एक म्हातारा आला. जुने केसपेपर काढले, तर बारा वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. रोग यकृतात पसरलेला, म्हणून जमेल तेवढं काढून त्याला घरी पाठवलं होतं. असा माणूस वर्षभरही काढत नाही. रोझेनबर्गनी पित्ताशय काढताना यकृत नीट चाचपून पाहिलं. गाठीचा मागमूस नव्हता.

मग त्यांनी जे केलं त्यावर आजच्या एथिक्स कमिटीने शंभर प्रश्न विचारले असते. जठराच्याच कॅन्सरच्या दुसऱ्या एका रुग्णाला त्यांनी या म्हाताऱ्याचं रक्त चढवलं. उपयोग काहीच झाला नाही. पण शरीर स्वतःहून कॅन्सर संपवू शकतं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना चैन पडेना.

1974 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते अमेरिकेच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत सर्जरीचे प्रमुख झाले. सकाळी ऑपरेशन थिएटर, दुपारी प्रयोगशाळा. इंटरल्युकिन-2 हे टी-पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, वाढ करणारं द्रव्य त्यांनी रुग्णांना द्यायला सुरुवात केली. पहिल्या साठहून अधिक रुग्णांपैकी एकालाही गुण आला नाही. प्रयोग फसला म्हणणं प्रयोगशाळेत सोपं असतं. इथे प्रत्येक अपयशाला चेहरा होता, आणि राउंडला त्याच्याच खाटेपाशी जावं लागत होतं. 1984 मध्ये मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर झालेल्या एका तरुण महिलेला त्यांनी मोठा डोस दिला. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून फुप्फुसात साठलं, ती मरता मरता वाचली. काही महिन्यांत तिच्या गाठी नाहीशा झाल्या. (पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा "राष्ट्राध्यक्षांना कॅन्सर आहे" हे पत्रकारांना सांगायला उभे राहिले तेही रोझेनबर्गच.)

आज सर्रास वापरली जाणारी इम्युनो औषधं वेगळ्या वाटेने आली. कॅन्सर टी-पेशींना जो ब्रेक लावतो, तो ही औषधं सोडवतात. त्या शोधासाठी ॲलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना 2018 चं नोबेल मिळालं. पण आपल्याकडे गाडी अडते ती किमतीवर, आणि मुंबईच्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटतं ते इथे. निवोलुमॅब या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढं लागतंच का? तोंडाच्या, घशाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. सगळ्यांना स्वस्तातली केमो, आणि एका गटाला त्यासोबत तीन आठवड्यांतून फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब. 40 मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोघांचं भागतं. वर्षाअखेर केमोवाल्या गटात शंभरातले सोळा जण हयात होते, औषध मिळालेल्या गटात त्रेचाळीस. डोसाचा असा हिशोब मांडणं हे काटकसरीइतकंच अव्वल दर्जाचं विज्ञान आहे. औषध कंपनी हा प्रश्न स्वतःहून विचारायला येणार नव्हती.

दुसरं काम पवई आणि खारघरमधलं. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून देशी कार-टी उपचार उभा केला. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांत रक्ताच्या विशिष्ट कॅन्सरपेशी ओळखणारा जीन घालायचा, पेशी वाढवायच्या आणि सलाईनसारख्या परत सोडायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतो. तरीही ते तीस-चाळीस लाख होतात, आणि धर्मशाळेत उतरलेल्या माणसाला तेही कुठून परवडणार?

म्हणून "इम्युनो चालेल का" हे जरूर विचारा. मात्र ती सगळ्याच कॅन्सरना लागू पडत नाही, आणि तिच्या आशेवर चालू असलेली केमो डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. नमस्कार.