वडिलांच्या चर्चमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमानाची गाणी, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वाढलेली. गाणारी एक ओळ टाकते, मागचा गायकवृंद ती उचलतो आणि समोरची मंडळी टाळ्यांनी तिला आणखी चढवतात. भजनात बसलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

‘सोल’ संगीताची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाणारी अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन यातच लहानाची मोठी झाली. वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. प्रवचन करता करता ते गाऊ लागत, आणि त्या प्रवचनांच्या तबकड्या दूरदूर खपत. १९५६ साली, चौदाव्या वर्षी, अरेथा या मंडळीपुढे पियानोवर बसून गायली. तिची पहिली ध्वनिमुद्रणं तीच. पुढची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहे.

जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गाऊन तिनं ‘अमेझिंग ग्रेस’ हा गाण्यांचा संच केला. त्याचं चित्रीकरणही झालं होतं, पण आवाज आणि चित्र जुळेना, म्हणून ते लोकांपुढे यायला २०१८ उजाडलं. त्यात एक क्षण आहे. ती पियानोवर गाते आहे, चेहरा घामानं निथळतोय. वडील पुढे येतात आणि रुमालानं तिचा चेहरा टिपतात. जगासाठी ती सम्राज्ञी असेल. त्या क्षणी मला फक्त मुलगी दिसते.

आज बोलायचं आहे ते १९७२ नंतर पंधरा वर्षांनी ती वडिलांच्या चर्चमध्ये गायला पुन्हा परतली, त्याविषयी. १९७९ मध्ये घरात घुसलेल्या चोरांनी वडिलांवर गोळ्या झाडल्या. ते पाच वर्षं बेशुद्धीत होते आणि जुलै १९८४ मध्ये गेले. जुलै १९८७ मध्ये पंचेचाळीस वर्षांची अरेथा न्यू बेथेलमध्ये गायला उभी राहिली. लहानपणीची इमारत कधीच पाडली गेली होती, १९६३ पासून चर्च नव्या जागेत होतं. पण मंडळी तीच, आणि व्यासपीठ वडिलांचंच.

या वेळी निर्मितीही तिनं स्वतःच केली. सोबतीला मेव्हिस स्टेपल्ससारखी गायिका होती, आणि घरचीही माणसं होती: बहिणी अर्मा आणि कॅरोलिन, भाऊ सेसिल. ‘वन लॉर्ड, वन फेथ, वन बॅप्टिझम’ असं या संचाचं नाव. त्यात भाषणं बरीच आहेत. फक्त गाणी ऐकायला बसलेल्याला ती लांबतात. मला मात्र ती काढून टाकावीशी वाटत नाहीत. ज्या घरात प्रवचन आणि गाणं वेगळं नव्हतं, त्या घरच्या मुलीनं ती गाळायची तरी कशी?

पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, कॅरोलिन कर्करोगानं गेली. डिसेंबर १९८९ मध्ये सेसिलही गेला. हा संच लावला की मुख्य आवाज सोडून माझा कान आधी त्यांच्याकडे वळतो.