घाबरलेल्या माणसाने आधी कुठे जावं

मंडळी, ज्या विषयावर आपण कुजबुजतो त्यावर आज माईकवरून बोलायचं आहे. शनिवार-रविवार कळंगुटला गेला, कोणाशी ओळख झाली, रात्र एकत्र गेली, कंडोम नव्हता किंवा मध्येच फाटला. सोमवारी कामावर बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एकच शब्द घुमत असतो, एड्स. मग बाथरूमचं दार लावून मोबाईलच्या टॉर्चने जीभ बघायची, काखेत गाठी चाचपायच्या, तासातासाला ताप मोजायचा. समुपदेशक म्हणून माझ्यासमोर अशी माणसं बसतात तेव्हा वाईट याचंच वाटतं की घाबरण्यात आठवडे गेलेले असतात, आणि हातात होते ते पहिले तीन दिवस केव्हाच निघून गेलेले असतात.

एचआयव्ही रोखणारी औषधं आहेत, त्यांना पीईपी म्हणतात. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायची. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात जा. रात्र असली तर कॅज्युअल्टीत जा आणि काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषध द्यायचं की नाही ते जोखीम बघून डॉक्टर ठरवतील. तिथे मिळालं नाही तर चिठ्ठी घ्या आणि बाहेरून आणा, पण उद्यावर टाकू नका.

आता जोखीम खरंच किती? जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि उपचार सुरू नाहीत असं धरलं, तरी कंडोमशिवायच्या योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण १०,००० वेळांत साधारण ४, स्त्रीला साधारण ८. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्याला मात्र ते १३८च्या घरात जातं. मिठी, मुका, एका ग्लासातून पिणं यांनी एचआयव्ही होत नाही.

पण सगळी भीती एचआयव्हीवर खर्च झाली की बाकीचे आजार निसटतात, आणि ते कितीतरी सहज पसरतात. गनोरियात काही दिवसांत लघवीला जळजळ होते, पू येतो. क्लॅमिडिया बहुतेकांत गुपचूप राहतो आणि बाईच्या गर्भनलिका खराब करू शकतो. सिफिलिसची जखम साधारण तीन आठवड्यांनी येते, दुखत नाही, आणि औषधाविना भरूनही येते. माणूस सुटलो म्हणून देवाला नारळ देतो, आणि आजार आत चालूच असतो. पेनिसिलिनने तो बरा होतो, पण त्यासाठी व्हीडीआरएलसारखी रक्ततपासणी करायला हवी. फार्मसीतून मनानेच अँटिबायोटिक घेऊ नका. लक्षणं दबतात आणि निदान अडतं.

एचआयव्हीची तपासणी दुसऱ्याच दिवशी केली तर ती आधीची स्थिती सांगते, त्या रात्रीची नाही. प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी ४५ दिवसांनी निर्णायक मानतात, बोटातून रक्त घेऊन करायची साधी अँटिबॉडी तपासणी ९० दिवसांनी. पीईपी घेतलं असेल तर तारखा डॉक्टरांकडूनच घ्या. आणि योग्य वेळी निगेटिव्ह आलं की त्यावर विश्वास ठेवा. पाच लॅबमध्ये पाच वेळा रक्त देणाऱ्याला आता रक्ततपासणी नको, चिंतेवरचा उपचार हवा, आणि तोही मिळतो.

तरी माणसं येत नाहीत, कारण गोवा एवढासा. रांगेत उभं राहिलं की ‘तू अमक्याचा ना?’ असं विचारणारा भेटतोच. या भीतीला आपल्याकडे इतिहासही आहे. १९८९ साली बार्देशातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानातून एचआयव्ही असल्याचं कळल्यावर, पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाच्या आपल्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने हायकोर्टात धाव घेतली. तो सुटला, पुढे त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली गेला. आज उलटा कायदा आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगता येत नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते. डिचोलीच्या माणसाने मडगावला जाऊन रक्त दिलं तरी कोणी अडवत नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत.

घरी जोडीदार असेल तर निकाल येईपर्यंत कंडोम वापरा. हे सांगणं जड जातं, मला माहीत आहे. पण बायको गरोदर असेल तर थांबायला वेळच नाही. सिफिलिस तिच्यातून बाळापर्यंत जातो, आणि तिला वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं. तिला एकटीला पाठवू नका, बरोबर या. घरी शब्द सापडत नसतील तर आमच्या खोलीत, दार लावून, आम्ही तुमच्यासोबत बसतो.