निळ्या रंगाखालचा कोच

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या सराफ बाजारातला सरकारवाडा तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या कोरीव लाकडी खांबांवरून नजर हलत नाही. पण आज बोलायचंय घरातल्या कोरीव सामानाबद्दल.

पंचवटीतला मावशीचा वाडा रिकामा करायचा होता. माडीवर गाद्यांच्या ढिगाखाली एक कोच, आकाशी ऑइलपेंट फासलेला. भंगारवाला त्याचे सरपणाइतकेच पैसे देत होता. मी तो उचलायला गेलो, तर दोघांना हलेना! तेव्हाच वाटलं, हे शिसव.

मिस्त्रींनी काचेच्या तुकड्याने रंग खरवडायला घेतला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तपकिरी. (लाकडावर ऑइलपेंट लावू नका हो, चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश द्या. शंभरदा सांगेन.) तिसऱ्या दिवशी पाठ मोकळी झाली. टोकदार कमानी, अगदी मुंबईच्या व्हीटी स्टेशनच्या खिडक्यांसारख्या. वर द्राक्षांचा वेल. आणि पायाशी, जिथे कुणी बघणारही नाही, तिथे केळफूल!

मिस्त्री म्हणाले, “चित्र साहेबाचं, हात आपला.”

खरंच होतं ते. एकोणिसाव्या शतकात युरोपला जुन्याची ओढ लागली. चर्चच्या गॉथिक कमानी आणि फ्रेंच महालांतली रोकोको वळणं, दोन्ही पुन्हा घडवली जाऊ लागली. व्हीटी त्याच आवडीतून 1888 मध्ये पूर्ण झालं. मुंबईचे कारागीर तसंच सामान शिसवीत कोरायचे. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मुंबईचं शिसवी फर्निचर मांडलं होतं. म्हणजे घाट तिकडचा आणि नक्षी इकडची. पुन्हा सांगतो, घाट तिकडचा, नक्षी इकडची. तुमच्या घरी असा कोच, आरसा, कपाट असेल, तर आधी मागची बाजू आणि पाय बघा. कारागिराचा हात तिथे सापडतो. आणि पावसाळ्यात त्याला ओल्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, वाळवी तिथूनच शिरते. हल्ली लग्नाच्या स्टेजवर सोनेरी मुलाम्याचे सिंहासनी सोफे येतात. त्यांत साचा असतो, हात नसतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तर, कोच जवळपास तयार झाल्यावर मावशी बघायला आली. केळफुलावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “निळा रंग तुझ्या काकांनी दिला होता रे. मी नवी नवरी, मला माडी काळोखी वाटायची म्हणून.”

मिस्त्रींचा हात मी तिथेच थांबवला. बैठकीच्या खालच्या अंगाला तो निळा रंग अजून आहे.