रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कोण?

(पुण्यात गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या घरच्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मुलींबरोबर त्यांच्या आया आणि सासवाही आल्यात, हे बरं झालं. एपिड्यूरलला, म्हणजे कळा कमी करायला पाठीतून औषध देण्याला, पहिला विरोध बहुधा तिथूनच येतो. "आम्ही नाही का बाळंत झालो?" झालात की! पण कळा कमी करू का, असं तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं?

वाद जुनाच आहे. 1847 मध्ये एडिंबरोत डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं, तेव्हा तिकडेही काही जण म्हणालेच, की कळा देवानं दिल्यात, त्यात माणसानं हात घालू नये. 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीनं राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं. (पुढच्या वर्षी लंडनमधल्या कॉलऱ्याचा माग काढत पाण्याच्या पंपापर्यंत पोचले ते हेच स्नो.) राणीनंच घेतलं म्हटल्यावर क्लोरोफॉर्मला प्रतिष्ठा आली.

क्लोरोफॉर्मनं बाईला गुंगी यायची. एपिड्यूरलमध्ये ती पूर्ण जागी असते. तिला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ बाहेर काढायला सांगतात. कमरेजवळची कातडी बधिर करतात आणि दोन मणक्यांच्या मधून सुई घालतात. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आम्ही भूलतज्ज्ञ बहुतेकदा त्याच्या खाली सुई घालतो. सुईला सलाइनची सिरिंज जोडलेली असते. सुई चिवट अस्थिबंधात असेपर्यंत सिरिंजचा दट्ट्या दाबला जात नाही. अस्थिबंध पार झाला की दट्ट्या अलगद आत जातो. तीच ती जागा, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची. तिथे बारीक नळी सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. सुई पाठीत राहत नाही. नळीतून बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध अगदी पातळ करून देतात, सोबत थोडं फेंटानिल हे वेदनाशामक. पंधरा-वीस मिनिटांत कळांचा जोर ओसरतो. पोट घट्ट होतंय हे कळतं, पाय बहुधा हलवता येतात.

जन्माची कंबर धरते, हे मी सगळ्यात जास्त ऐकतो. त्याला पुरावा नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते, पण ती एपिड्यूरल न घेतलेल्यांचीही दुखते. सिझर करायची वेळ येते, हेही अभ्यासांत टिकलेलं नाही. बाळ बाहेर ढकलायचा टप्पा मात्र थोडा लांबतो. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज येते, कधी ताप येतो. शंभरात साधारण एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते, त्यावर इलाज आहे. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, तर बहुतेकदा आम्हीच नाही म्हणतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पुण्यातल्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ पगारी नसतो, फोन केल्यावर येतो. सकाळी कर्वे रोडला सिझर, दुपारी हडपसरला हर्निया, मधे ट्रॅफिक. सिझर तासाभरात आटोपतं. पहिलटकरणीच्या कळा बारा तासही चालतात. आणि नळी घालून निघून जाता येत नाही; रक्तदाब बघायचा, बाळाचे ठोके बघायचे, औषध कमीजास्त करायचं. म्हणजे तुम्ही भूलतज्ज्ञाची रात्र मागताय. पाटीवर 'वेदनारहित प्रसूती' लिहिणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

म्हणून सातव्या महिन्यातच विचारा. भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजता इमारतीत असतो की घरून येतो? नळी घातल्यावर लक्ष कोण ठेवतं? खर्च किती, आणि शेवटी सिझर झालंच तर तीच नळी वापरता का? 'गर्भाशयाचं तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडल्याशिवाय देत नाही' असं सांगितलं तर कारण विचारा. कळा नीट सुरू झाल्या असतील आणि बाईला हवं असेल तर तेवढं पुरतं, असं आजचं वैद्यकशास्त्र मानतं. उत्तर गुळमुळीत आलं, तर सोय नाही असं समजून चाला.

आणि हो, बाईला हवं असेल तर. संमतिपत्र नवऱ्यापुढे सरकवायची सवय आपल्याकडे अजून आहे. बाई सज्ञान आहे, शुद्धीत आहे, तर सही तिची. शस्त्रक्रियेच्या एका प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान मुलीच्या वतीनं आईनं दिलेली संमतीसुद्धा अमान्य केली होती. सासूबाईंनी तेवढं लक्षात ठेवावं. नवऱ्यांनीही. आणि उलटही तितकंच खरं: तिला नको असेल, तर 'आता पैसे भरलेत' म्हणून आग्रह नको.

एक चिठ्ठी आली आहे: "आमच्या डॉक्टरांकडे ही सोय नाही, डॉक्टर बदलू का?" डॉक्टरांवर विश्वास असेल, तर एवढ्यासाठी बदला असं मी सांगणार नाही. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा वायू मास्कमधून घ्यायची सोय आहे का, ते विचारा. त्यानं कळा थांबत नाहीत, पण सोसायला मदत होते. कळांमध्ये चालू-फिरू देतात का, हेही विचारा. आणि ओळखीचं माणूस जवळ असू द्या. केंद्र सरकारनं 2017 मध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिगृहात सोबतीणीला जागा दिलेली आहे. खासगी ठिकाणी दारावर 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे' असा बोर्ड असेल, तर त्याबद्दलही आधीच बोलून घ्या.