आधी बादली, मग मूर्ती

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाळेतले सण: सगळ्यांसाठी आणि निसर्गासाठी’. वर्षभराचे सण चाळीस मिनिटांत बसवायचे आहेत. पण गणपती मध्ये येतो, आणि कोकणात तो आला की बाकीच्यांना किती जागा उरते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझा हट्ट एकच आहे. सण ठरवायला बसलात की आधी दुसऱ्या दिवसाचं बोला. गणपतीत याचा अर्थ, मूर्तीच्या आधी विसर्जनाची बादली. आपल्याकडे सजावट समिती असते, प्रसाद समिती असते, विसर्जन मात्र शिपाईमामांवर सोपवलेलं असतं.

‘आमची मूर्ती शाडूची आहे’ म्हटलं की सुटलो, असं नाही. शाडूवर ऑइलपेंट आणि वर वॉर्निश चढवलं की पाणी आत शिरतच नाही. मूर्ती बादलीत तशीच बसून राहते. (मागच्या रांगेतले सर हसतायत, म्हणजे कपाटात डबा आहे!) प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट निराळी. जिप्सम भाजून ते करतात आणि पाणी मिळालं की त्याचं पुन्हा जिप्समच होतं. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दोन किलोच्या मूर्तीला किती लिटर लागतील, हे गणित सातवीला घाला. आणि मग आपल्या व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, भाद्रपदात पाणी किती असतं, ते बघायला न्या.

आता कृती. चार-पाच इंची मूर्तीला मळलेली माती साधारण पाऊण किलो लागते. तीस मुलांचा वर्ग म्हणजे पंचवीस किलोची एक गोण. कोरडी माती रात्रभर भिजवा, वरचं पाणी काढा आणि पिंजलेला कापूस थोडा थोडा मिसळून मळा. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. सोंड आणि हात नुसते चिकटवले की वाळताना गळतात. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, मातीचा पातळ घोळ लावा आणि मग दाबा. पोट भरीव आणि कान पातळ असला की कान आधी वाळतो, आकसतो आणि मुळाशी तडकतो. म्हणून कानाला ओल्या कापसाची पट्टी लावून ठेवायची. वाळवण सावलीत करा. श्रावणातल्या दमट हवेत आठ-दहा दिवस धरून चाला. घाईने उन्हात ठेवली की भेग पडलीच.

रंग गेरू, हळद आणि चुन्याचे. पण ओल्या चुन्यावर हळद लावली की पिवळं पितांबर लाल होतं. मुलं घाबरतात, विज्ञानाच्या बाईंना मात्र तास मिळतो.

आणि बादली. मूर्ती हाडासारखी कोरडी असेल तरच पाण्यात भराभर सुटते, ओलसर असेल तर गोळा राहतो. हार-दुर्वा आधी काढा, त्या खतात जातील. माती खाली बसली की वरचं पाणी झाडांना घाला आणि गाळ वाळवून गोणीत भरा. शाडू बहुतेक गुजरातेतून येतो. त्याच मातीची पुढच्या वर्षी पुन्हा मूर्ती होते, मग दरवर्षी नवी कशाला मागवायची?

माटवीबद्दल, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातली फुलं-फळं बांधून टांगतात त्या चौकटीबद्दल, बोलायलाच हवं. रानातली फुलं-फळं आणायला मुलं उत्साहाने जातात आणि त्यात कळलावी हमखास येते. दिसायला देखणी, पण कंदापासून बीपर्यंत सगळी विषारी. ती मोठ्यांनीच बांधावी, नंतर हात धुवावेत, आणि कंद कोणी उपटू नये.

घड्याळ दाखवतायत, म्हणून पुढचं भराभर सांगतो.

नागपंचमीला गारुडी बोलावू नका. साप दूध पचवत नाही आणि जिवंत नाग पकडून फिरवणं 1972च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. फुरसं हा विषारी साप कसा ओळखायचा आणि चावलं तर बांधाबांध न करता रुग्णालय कसं गाठायचं, एवढं त्या दिवशी शिकवा. दसऱ्याला आपट्याची फांदी ओरबाडू नका. वर्गाला एक पान पुरतं, रोप लावलंत तर आणखी बरं. दिवाळीच्या कंदिलाला कागद आणि बांबूच्या कामट्या घ्या, थर्माकोल नको. शिमग्याला उभं झाड तोडण्याऐवजी वाळलेल्या फांद्या आणि नारळाची सोडणं घ्या. आणि किनाऱ्यालगतच्या शाळांनो, तेव्हा कासवांची पिल्लं वाळूतून निघत असतात. ती उजेडाकडे वळतात, म्हणून रात्रीच्या कार्यक्रमाचे हॅलोजन किनाऱ्याकडे तोंड करून लावू नका.

राहिली ‘सगळ्यांसाठी’ची बाजू, खरं तर तीच पत्रिकेवर पहिली आहे. आपल्या वर्गात मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध मुलं असतात. शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला पूजेत बसवता येत नाही, संविधानाचं कलम 28 तेच सांगतं. ही संमती जूनमध्येच लेखी घ्या, आरतीच्या वेळी सगळ्यांसमोर विचारू नका. माती मळणं, कंदील करणं, हिशोब ठेवणं ही कामं सगळ्यांची. आरती ज्याला हवी त्याची. जो आरतीला नाही त्याला वर्गाबाहेर बसवायचं नाही, त्याच्याकडे त्या दहा मिनिटांसाठी ठरलेलं काम द्यायचं. प्रसाद घेतलाच पाहिजे असा आग्रह नको. शेंगदाणा-काजू न चालणारी मुलं कोण, ते घरून आधी विचारून घ्या. आणि ईद-नाताळला याच समित्या याच तयारीने बसतात का, ते तुमच्या वार्षिक नियोजनात तपासा. माझी वेळ संपली, प्रश्न चहाला घेऊ.