जॅक लंडन आणि उणे ७५ अंशांतली शेकोटी

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय जॅक लंडन या अमेरिकन साहसकथाकाराबद्दल.

जन्म १८७६चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. घरची ओढगस्त, म्हणून पोरवयातच कारखान्यात मजुरी, मग सीलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर खलाशी. १८९७ साली कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि एकविशीतला लंडन निघाला. वाटेतल्या चिलकूट खिंडीतून वर्षभराचं सामान न्यायचं होतं. हमालीचे दर भडकलेले, तेव्हा त्यानं ते स्वतःच वाहिलं. पाठीवर पेलेल तेवढं पुढे नेऊन ठेवायचं, रिकाम्या हातानं परत यायचं, पुन्हा उचलायचं. सोनं जवळजवळ काहीच मिळालं नाही. हिवाळाभर ताजी भाजी नाही, त्यामुळे स्कर्व्ही जडला, हिरड्या सुजल्या. १८९८ साली युकॉन नदीतून होडीनं तो माघारी निघाला.

‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीनं १९०३मध्ये त्याला मोठं नाव दिलं. पण त्याची खरी पकड बघायची तर १९०८ची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा घ्यावी. एक माणूस, एक कुत्रा, आणि उणे ७५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५९ सेल्सिअस. थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच तडकते. बर्फाचा पापुद्रा फुटतो आणि खालच्या पाण्यात माणसाचे पाय अर्ध्या नडगीपर्यंत भिजतात. कोरडे पाय गारठले तर धावून रक्त खेळवता येतं. ओले पाय अशा थंडीत धावतानाही गोठतच जातात. म्हणून शेकोटी हवी, आणि ती पहिल्याच प्रयत्नात पेटायला हवी.

ती पेटतेही. बर्च झाडाची साल, मग बारीक काटक्या, मग जाड. पण तो बसलाय स्प्रूसच्या झाडाखाली, कारण तिथल्या काटक्या ओढून थेट आगीवर टाकणं सोपं. दर ओढीला झाड किंचित हलतं. शेवटी वरच्या एका फांदीवरचं बर्फ खालच्या फांदीवर कोसळतं, तिचं आणखी खाली, आणि शेकोटी गाडली जाते. दुसऱ्या वेळी तो उघड्यावर बसतो, पण तोवर बोटं बधिर झालेली असतात. एक आगकाडी धरवत नाही, म्हणून सत्तरच्या सत्तर काड्या दोन्ही तळहातांच्या मनगटाजवळच्या भागांत दाबून एकदम पेटवतो. कातडी जळते तरी सोडत नाही! त्यातूनही जाळ धरतो, पण ओल्या शेवाळाचा गोळा त्यावर पडतो. तो बाजूला सारताना थरथरत्या बोटांनी काटक्याच विखुरतात.

लंडननं हीच कथा आधी, १९०२ साली, मुलांच्या मासिकासाठी लिहिली होती. तिथे माणसाला नाव आहे, कुत्रा नाही, आणि माणूस वाचतो. सहा वर्षांनी त्यानं नाव काढलं, कुत्रा आणला आणि माणसाला मरू दिलं. माझ्या मते कुत्र्यामुळेच कथा उंचावली: थर्मामीटर न कळणाऱ्या जनावराला ही थंडी प्रवासाची नाही, हे पहिल्यापासून कळतं. दोन्ही कथा आज इंटरनेटवर मोफत मिळतात. १९०२ची आधी वाचा.