‘सहा महिन्यांनी पुन्हा या’

यकृताचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. पोटात पाणी होतं, डोळे पिवळे पडतात, अंगावरचं मांस उतरतं, तेव्हा केज-धारूरकडचा माणूस अंबाजोगाईच्या नाहीतर संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात येतो. त्याआधी गावात कावीळ उतरवून झालेली असते. गाठ तोवर बहुधा वाढलेली असते.

सीटी स्कॅनमध्ये ही गाठ कशी उघडी पडते, ते नीट बघा. हाताच्या शिरेतून स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध सोडतात. ३० ते ३५ सेकंदांनी पहिली चित्रं घेतात. निरोगी यकृताला जवळपास ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, पण कॅन्सरची गाठ धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून ती आधी उजळते. ७० सेकंदांनी, मग आणखी काही मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात. आता यकृत उजळ आणि गाठ काळपट. सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत निबर होऊन गाठाळलेल्या रुग्णात हे इतकं स्पष्ट दिसलं, तर बायोप्सीचीही, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचीही, गरज बहुतेकदा पडत नाही.

पण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची गाठ शेकडो चित्रांमधून हुडकायची, तीही बाहेर रांग लागलेली असताना! इथे एआयची मदत होते. जुन्या स्कॅनवर शिकवलेलं सॉफ्टवेअर संशयाच्या जागी खूण करतं, आकार मोजतं. सिऱ्होसिसच्या साध्या गाठीवरही ते कधी खूण करतं, म्हणून निर्णय रेडिओलॉजिस्टचाच. आणि परदेशी रुग्णांवर शिकलेलं सॉफ्टवेअर आपल्या रुग्णांवर, आपल्या मशीनवर पारखल्याशिवाय वापरूच नये.

तरीही स्कॅन काढलाच नाही, तर सॉफ्टवेअर वाचणार काय? सिऱ्होसिस झालेल्यांनी, मग तो दारूने झालेला असो, हिपॅटायटिस बी-सीने की यकृतातल्या चरबीने, दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. सोबत एएफपी ही रक्ताची तपासणी. हिपॅटायटिस बीच्या काही रुग्णांना तर सिऱ्होसिस नसतानाही ही तपासणी लागते.

बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतो, तो पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततो. मधली तारीख दिली तर ती हुकणारच. दवाखान्यांनी त्याचं वर्ष बघून तारखा द्याव्यात: एक दसऱ्याच्या आधी, दुसरी गुढीपाडव्याच्या सुमारास. सहा महिन्यांचं अंतर बरोबर जमतं.